कुत्र्यासाठी आणलेल्या गोळ्या

माझ्या हातून नळ्यांची अदलाबदल होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली. सव्वीस वर्षं मी सोलापुरात रक्त तपासते आहे. काचेच्या पट्टीवर थेंब पसरून पेशी मोजण्यापासून निघाले आणि आता सूक्ष्म आरएनए मोजण्यापर्यंत पोचले. पण नळीवरचं नाव आणि नंबर मी आजही रुग्णासमोर उभी राहूनच लिहिते आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवते. त्यावरून वॉर्डात माझी चेष्टा होते. मी दारात दिसले की ‘आल्या बाई हजेरी घ्यायला’ असं सिस्टर म्हणतात. म्हणू देत.

आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक लांबोडकी खोली आहे. पुण्यात सहा महिने शिकून आल्यापासून ती माझी. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांच्या रक्तातले आणि कमरेच्या हाडातून काढलेल्या मगजातले सूक्ष्म आरएनए मी तिथे मोजते. हे प्रकरण काय आहे ते मला घरीसुद्धा समजावून सांगावं लागलं आणि आईला तर तेलुगूत सांगावं लागलं. पेशीच्या आत जनुकांकडून हुकूम निघतात, हे बनवा, ते बनवा. ते हुकूम घेऊन जाणारे आरएनए लांबलचक असतात. त्यांच्यात हे बारके असतात, जेमतेम बावीस अक्षरांचे. हे स्वतः काहीही बनवत नाहीत. हुकमाच्या चिठ्ठीवर जाऊन बसतात आणि ती वाचू देत नाहीत, एवढंच त्यांचं काम. आई म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखेच की, दुसऱ्याला काही करू न देणारे.

पण हे अडवण्याचं काम बिघडलं तर काय होतं ते मी रोज बघते. पांढऱ्या पेशी वाढत सुटतात. मोठ्या होऊन कामाला लागायच्या त्या कच्च्याच राहतात आणि मगजात नुसती गर्दी करतात. कुठला तुकडा कमी पडला आणि कुठला जास्त झाला, यावरून त्या मुलाचा आजार कुठल्या प्रकारचा आहे आणि स्टेरॉइडला तो दाद देईल का, याचा अंदाज बांधता येईल का, हे जगभर लोक शोधताहेत. शोधताहेत, असं मी मुद्दाम म्हणते. माझ्या यंत्रातून निघालेल्या आकड्यावरून कुणाच्या औषधात एका गोळीचाही फरक करायचा नाही असा नियम आहे. तो बरोबर आहे, आणि तो मोडायला निघालेल्या एका शिकाऊ डॉक्टरला मी खोलीबाहेर काढलेलं आहे.

दुसरा नियम नमुन्याचा. मुलाचा पहिला नमुना उपचाराची पहिली गोळी पोटात जायच्या आत घ्यायचा. औषध सुरू झालं की हे बारके तुकडे हलतात. काही वर जातात, काही खाली. म्हणून पहिला नमुना कोरा पाहिजे. त्यासाठी एक फॉर्म आहे आणि त्यात एक प्रश्न आहे: यापूर्वी काही औषध दिले आहे का? पुढे दोन चौकटी, होय आणि नाही.

ती मुलगी सहा वर्षांची होती. अक्कलकोट तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बाप मेंढरांपाशी थांबला होता. आई तिच्या उशाशी बसून होती आणि आजोबा व्हरांड्यात, भिंतीला टेकून, गुडघ्यावर घोंगडी घेऊन. वॉर्डात या म्हटलं तरी आत येत नव्हते. मुलीला ताप, पाय दुखणं, नाकातून रक्त, अंगावर निळे डाग. काय असणार ते मला दारातूनच कळलं. मगजाच्या तपासणीनं दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. तिच्या आईला तेव्हा डॉक्टर मॅडमनी आजाराचं नाव नुकतंच सांगितलं होतं आणि ती तोंडात पदर धरून रडत होती. मी नळीवर नाव लिहिलं, वाचून दाखवलं, नमुना घेतला, फॉर्म भरला.

काही दिवसांनी यंत्रानं आकडे दिले. तोवर मुलीच्या गोळ्या सुरू होऊन पाच दिवस झाले होते. या आजारात पहिले सात दिवस नुसतं स्टेरॉइड देतात आणि आठव्या दिवशी रक्तातल्या कच्च्या पेशी मोजतात. किती उतरल्या त्यावरून पुढचं औषध सौम्य द्यायचं की जालीम हे ठरवायला मदत होते. माझ्याकडे बऱ्याच मुलांचे पहिल्या दिवसाचे आणि आठव्या दिवसाचे नमुने आहेत. कुठल्या दिवसाचा नमुना आहे हे आकड्यांवर नजर टाकून मी सांगू शकते, आणि फुशारकी वाटली तरी चालेल, चुकत नाही. तिचा पहिल्या दिवसाचा नमुना पहिल्या दिवसाचा दिसत नव्हता. तो आठव्या दिवसाचा दिसत होता.

माझ्या मदतनीस बाई हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, नळ्या बदलल्या असतील का?’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बर्फ आणायला निघून गेल्या.

तरी मी सगळं पुन्हा केलं. लाल पेशी फुटून त्यांच्यातले आरएनए मिसळले तर आकडे बिघडतात, म्हणून नमुन्यातल्या पेशी बाजूला काढल्यावर उरलेल्या द्रवाचा रंग पाहिला. स्वच्छ फिकट पिवळा, गुलाबी छटाही नाही. नंबर ताडून पाहिला. पुन्हा यंत्र लावलं. आकडे तेच आले. हे बारके तुकडे भारी चिवट असतात, मोठे आरएनए हात लागला तरी तुटतात तसे हे तुटत नाहीत. माझं काम बरोबर होतं, नमुना बरोबर होता. म्हणजे चूक वॉर्डात झाली होती. कुणीतरी नमुना घ्यायच्या आधीच गोळी दिली होती. मी जिना चढून वर गेले आणि ड्युटीवरच्या सिस्टरला फैलावर घेतलं. तिनं शांतपणे तक्ता काढून माझ्यापुढे धरला. पहिल्या गोळीची वेळ माझ्या नमुन्यानंतर तासाभराची होती, आणि शेजारी नमुना घेतल्याची माझीच सही होती. तिला मी सॉरी म्हटलं नाही. तेव्हा मी कुणाला म्हणत नसे.

ती तशीच औषधाचा ट्रे घेऊन मुलीकडे गेली, आणि मी तिच्यामागे. गोळी चमच्यात चुरायला घेतली तर मुलगी म्हणाली, ‘चुरू नको. कडू लागती. मी तशीच गिळती.’

‘येतं तुला गिळायला?’ सिस्टर म्हणाली.

‘व्हय. आज्ज्यानं शिकिवलंय. भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायचा. आमचं कुत्रं बी तसंच गिळतंय.’

मी विचारलं, ‘कसली गोळी द्यायचा आज्जा?’

‘हीच की. बारकी, पांढरी. कुत्र्याची.’

तिच्या आईनं मान खाली घातली. तिला माहीत होतं. मी व्हरांड्यात गेले आणि त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले. काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. पोरीला काय मेंढरू समजलात काय, असं एक वाक्य त्यात होतं, आणि ते रांगेत बसलेल्या पंधरा-वीस जणांनी ऐकलं. ते उठून उभे राहिले आणि डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

बोलले ते डॉक्टर मॅडमसमोर. मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान आहेत आणि त्यांचा आवाज कधी चढत नाही, याचा मला कधी कधी राग येतो. त्यांनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या कुत्र्याला भयंकर खाज सुटली होती, अंगावरचे केस गेले होते. जनावरांच्या डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. खाज तर थांबलीच, पण कुत्र्याला भूक लागायला लागली. कधी नव्हे इतकी.

‘भाकरीवर तुटून पडाय लागलं, बाई,’ आजोबा म्हणाले. ‘दोन भाकरी खाऊन तिसरीकडं बघायचं. आन् हिकडं पोरगी चार-चार दिस घास घेत न्हवती. पाय धरून रडायची. मला वाटलं, ही भुकंची गोळी हाय. कुत्र्याला येक देत हुतो, तिला आर्दी दिली.’

‘मग?’

‘जेवली की. दुसऱ्याच दिशी उटून मेंढरामागं गेली. पाय बी दुकायचा थांबला. मग पाकीट संपलं आन् पुन्हा पडली.’

मला चिडायचं होतं, पण त्यांनी जे केलं ते मी मनात तपासून बघत होते. त्यांनी औषध पाहिलं, त्याचा परिणाम पाहिला, वजन बघून मात्रा ठरवली. त्या गोळ्या स्टेरॉइडच्याच होत्या, आणि स्टेरॉइडनं भूक वाढतेच. या आजारात ते दुखणंही थांबवतं, काही दिवस. त्यांचं निरीक्षण माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा चोख होतं. फक्त आजार कोणता हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि गोळीनं तो झाकला गेला होता.

मॅडमनी फॉर्म मागवला. त्यावर ‘नाही’च्या चौकटीत बरोबरची खूण होती. ‘हे कुणी विचारलं होतं?’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, ‘विचारलं नव्हतं. मीच खूण केली.’

का केली तेही सांगितलं. आई रडत होती, हे खरं कारण नव्हतं. रानात मेंढरामागं हिंडणारी माणसं, यांच्याकडे कुठलं औषध असणार, असं मी मनात धरून चालले होते. विचारायची गरजच वाटली नाही. सव्वीस वर्षांत नळी बदलली नाही म्हणून मिरवणाऱ्या बाईनं प्रश्नच विचारला नव्हता. हे बोलताना माझे कान तापले होते, आणि आजोबा माझ्याकडे बघत होते.

मॅडम म्हणाल्या, ‘ते नंतर बघू. आता माझी अडचण ऐका.’ अडचण अशी होती. आजार पहिल्यांदा दिसतो तेव्हा रक्तात पांढऱ्या पेशी किती आहेत, यावर मुलाचा गट ठरतो. पन्नास हजारांच्या खाली असतील, वय लहान असेल, तर साधा गट आणि सौम्य औषध. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पेशी थोड्याच होत्या. पण त्या गोळ्यांमुळे उतरलेल्या असू शकतात. मुळात किती होत्या ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसेल तर धोका पत्करता येत नाही. मग तिला वरच्या गटात घालून आठव्या दिवसापासून ते लाल रंगाचं जालीम औषध द्यावं लागेल, ज्यानं पुढे कित्येक वर्षांनीही हृदय दुबळं होऊ शकतं. उलट मुळातल्या पेशी खरंच फार असतील आणि आपण तिला साध्या गटात ठेवलं, तर आजार उलटेल. ‘गोळ्या सुरू करायच्या आधी कुठं रक्त तपासलं होतं का?’ त्यांनी विचारलं. ‘आठव्या दिवसाच्या आत तो कागद मिळाला तर मला ठरवता येईल.’

आई म्हणाली, न्हाय. आजोबा म्हणाले, ‘दुधनीत काडलं हुतं की रगत.’

‘मग रिपोर्ट?’

‘संध्याकाळी या म्हनला. संध्याकाळी मेंढरं दुसऱ्या रानात बसवायची हुती. शबूद दिला हुता.’

इकडच्या लोकांना हे सांगायला नको. पीक निघालं की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत पडतं म्हणून. आज या रानात, परवा त्या रानात, आणि बदल्यात जोंधळे. शब्द दिला की कळप त्या दिवशी तिथं पोचलाच पाहिजे. म्हणून ही माणसं पोरीचं रक्त देऊन रिपोर्ट न घेताच चालती झाली होती. प्रयोगशाळेचं नाव ठाऊक नाही, पावती नाही. खाली चपलांचं दुकान आहे एवढं आजोबांना आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं दुधनीला निघालो. मीच म्हटलं मी जाते. चूक माझ्या चौकटीत होती.

होटगी स्टेशन मागे पडलं. मग मी वही काढली, कारण मॅडमना अजून एक गोष्ट हवी होती: गोळी कुठल्या दिवशी सुरू झाली आणि किती दिली. मी तारीख विचारली. आजोबा म्हणाले, ‘तारीख न्हाय सांगता येत, आक्का. मुक्काम सांगतो.’ आणि त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवला. रक्त दिलं त्या रात्री बोअरवाल्याच्या रानात. तिथं दोन रात्री. गोळी दिली न्हाय. मग तुरीच्या धसकटात तीन रात्री, तिथं पहिल्या सांजंला पहिली आर्दी गोळी. मग मास्तरच्या रानात एक रात्र, तिथं कुत्र्यानं मास्तरची चप्पल पळवली. मग वढ्याकाठी चार रात्री. मग येक रात्र रस्त्याकडंला, तिथं शेवटची. नऊ रात्री, नऊ आर्द्या गोळ्या. मग पाकीट संपलं.

मी दोनदा उलटसुलट विचारलं. एका रात्रीचाही फरक पडला नाही. आमच्या रुग्णालयातल्या नोंदीसुद्धा इतक्या चोख नसतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘त्या गोळीनं झालं न्हवं हे?’

तेव्हा मला कळलं की ते व्हरांड्यात गप्प का उभे होते. माझ्या ओरडण्यानं नाही. पोरीच्या रक्तात हे आपणच घातलं, असं ते आठवडाभर मनात धरून बसले होते. 

मी म्हटलं, नाही. अजिबात नाही. आणि मग मला येतं तेवढं सगळं सांगितलं. मेंढरं दुसऱ्याच्या पिकात शिरू नयेत म्हणून तुम्ही कुत्रं ठेवता. ते लोकर देत नाही, दूध देत नाही, नुसतं आडवं जातं. तसे आपल्या रक्तात बारके राखणदार असतात. तिच्या अंगात ते राखणदार बिघडले होते, तुमची गोळी जायच्या कितीतरी आधी. पाय दुखत होता, जेवत नव्हती, तो हाच आजार होता. तुम्ही आजार दिला नाही. फक्त तो नऊ रात्री लपला.

‘कुत्रंच बिगडलं म्हना की,’ ते म्हणाले.

‘काही कुत्री झोपली, काही फितूर झाली. दोन्ही होतं.’

त्यांनी मान डोलावली. छान समजावलं आपण, असं मला वाटलं, आणि मी खिडकीशी सरकून डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही दोघांनी खाल्ली.

चपलांचं दुकान सापडलं. त्यावर अरुंद जिना आणि वर माझ्या वयाचा एक माणूस, पांढरा कोट, समोर एकच सूक्ष्मदर्शक. आजोबांना बघताच तो ताडकन उठला आणि कानडीत भडाभडा बोलू लागला. आजोबाही कानडीतच काहीतरी सांगू लागले. मला त्यातलं मुलगी आणि रक्त एवढंच समजलं. त्यानं खण उघडून बंद पाकीट काढलं. मग मराठीत मला म्हणाला, ‘पट्टी बघितली तेव्हाच मला शंका आली होती, मॅडम. यांनी दिलेल्या नंबरवर रोज फोन करत होतो. रानात लागतच नव्हता.’ रिपोर्टवर पांढऱ्या पेशी अठरा हजार लिहिल्या होत्या, आणि खाली बॉलपेननं: कच्च्या पेशी दिसतात, तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. तारीख आजोबांच्या बोअरवाल्याच्या रानाशी तंतोतंत जुळली. त्यानं ती काचेची पट्टीसुद्धा जपून ठेवली होती. मी त्याच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पट्टी सुंदर पसरली होती, पेशी एकमेकींवर चढल्या नव्हत्या. एका डोळ्याला पाणी आलं म्हणून मी दुसरा लावला.

संध्याकाळी मॅडमनी कागद वाचला, वहीतले मुक्काम वाचले आणि तारखा मांडल्या. साध्या गटाच्या तक्त्यावर त्यांनी मुलीचा नंबर लिहिला. लाल औषध लागलं नाही. महिन्याभरानं मगज पुन्हा तपासला तेव्हा त्यात कच्च्या पेशी सापडल्या नाहीत. अजून मोठा पल्ला होता, दोन वर्षांहून जास्त, पण ती त्या वाटेवर नीट लागली.

तिचा पहिला नमुना मात्र माझ्या अभ्यासातून बाद झाला. कोरा नव्हता ना. नियमाप्रमाणे मी त्यापुढे लाल शाईनं ‘वगळला’ असं लिहिलं. आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवून घेतला: घरातल्या जनावराला सध्या कोणते औषध चालू आहे? पुण्यात या अभ्यासाच्या बैठकीत तो वाचून लोक हसले. मी त्यांचं हसून होईपर्यंत थांबले आणि मग पुढचं पान उलटलं. आता तो प्रश्न मी स्वतः, तोंडानं, प्रत्येकाला विचारते. बंगल्यातून येणाऱ्यांनाही विचारते आणि त्यांनाही राग येतो.

याला वर्ष होऊन गेलं. गेल्या महिन्यात मुलगी तपासणीला आली होती. डोक्यावर दाट, उभे राहणारे केस आलेत, गाल गोल झालेत. तिला अजून दर महिन्याला काही दिवस त्याच पांढऱ्या गोळ्या असतात. मी रक्त घ्यायला गेले तर ती माझ्याशी कुत्र्याबद्दल बोलू लागली.

‘त्याचं लई हाल हाय,’ ती म्हणाली. ‘सगळं आंग सोलून निगालंय. खाजीवतंय आन् वराडतंय.’

आजोबा यावेळी वॉर्डात, खाटेजवळ उभे होते. मी त्यांना म्हटलं, ‘मग जनावरांच्या डॉक्टरला दाखवा की.’

‘दावलं. त्यानं पुन्यांदा तीच गोळी दिलीय.’

‘मग?’

ते रुमालाशी चाळा करत राहिले. ‘दिली न्हाय म्या. पिशवीत हाय. हात धजत न्हाय, आक्का.’

मला काही क्षण समजेचना. मग समजलं. वर्षभर तो माणूस ती गोळी हातात धरू शकला नव्हता. गोळीनं आजार झाला नाही, हे गाडीत त्यांना पटलंच नव्हतं. मी म्हटलं, ‘मी एवढं समजावून सांगितलं होतं, आणि तुम्ही मान डोलावली होतीत.’

‘तुमी येवडं मनापासून सांगत हुता,’ ते म्हणाले, ‘न्हाय कसं म्हनायचं?’

मला फार लाज वाटली. मी एक उदाहरण सांगून, भाकरी खाऊन मोकळी झाले होते, आणि हे वर्षभर ओझं वाहत होते. व्हरांड्यात वीस जणांसमोर मी जे ओरडले होते त्याची तर मी कधी माफीही मागितली नव्हती. ती मी तिथेच मागितली. चुकलं माझं, म्हटलं, तुम्ही सांगितलं नाही असं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. आजोबांनी हात हलवून ते बाजूला सारलं. त्यांना माझी माफी नको होती. त्यांना काय हवं होतं ते माझ्याकडे नव्हतंच.

मुलगी आमच्या दोघांकडे बघत होती. तिनं उशाखालचं स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी फोडून तळहातावर घेतली आणि आज्ज्याच्या नाकापुढे धरली.

‘हे बग. हीच की न्हाय?’

‘हीच.’

तिनं ती तोंडात टाकली, पाणी न घेता गिळली आणि आ करून दाखवलं. ‘मला काय झालं काय?’

आजोबा तिच्या उघड्या तोंडात बराच वेळ बघत राहिले. मी शेजारी उभी होते, हातात नळी आणि तोंडात पुन्हा सगळं समजावायची तयारी. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिलाच विचारलं, ‘मग देऊ म्हनतीस त्याला?’

‘दे की,’ ती म्हणाली. ‘भाकरीत घालून दे.’